चारकोपी हात

हरेश्वरच्या क्लासमध्ये मुलाला घालायचं तर आईने आधी स्वतःचा अपमान करून घ्यायची तयारी ठेवावी लागते, हे चारकोपच्या सेक्टर पाचमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी आया यायच्या. एकीने कौतुकाने सांगितलं, "सर, हा दोन वर्षांचा असल्यापासून जेवायला बसला की ताट वाजवतो." हरेश्वर म्हणाला, "तुम्ही वाढायला उशीर करत असाल." मग त्याने पोराकडून चार टाळ्या वाजवून घेतल्या आणि निकाल देऊन टाकला, "याला लय नाही. याला पोहायला घाला." बाई डोळे पुसत गेली. महिन्याभराने तिनेच आपल्या बहिणीच्या मुलीला इथे पाठवलं. गोड बोलणारे क्लास कांदिवलीत पायलीला पन्नास होते, तोंडावर खरं सांगणारा हा एकच, असं तिचं म्हणणं.

क्लास म्हणजे त्याच्या तळमजल्यावरच्या घरातली बाहेरची खोली. पुढच्या भागात अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो, मागच्या भागात ड्रम, आणि भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. त्या गाद्यांचा काही उपयोग नव्हता. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने तीनदा पोलिसांत तक्रार केली होती आणि हरेश्वरने तीनही वेळा हवालदाराला आत बसवून ड्रम ऐकवले होते. दोनदा हवालदार पाय हलवायला लागला. तिसरा म्हणाला, "काका, माझ्या पोराला घ्याल काय?" त्याच्याही पोराला लय नव्हती.

दारावर पाटी होती. 'पियानो' हा शब्द हातभर लांब, रंगवलेला. त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'व ड्रम्सचे खाजगी वर्ग'. ज्याने हरेश्वरला ड्रमवर बसलेलं पाहिलंय त्याला ती पाटी उलटी वाटायची. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला हा माणूस ड्रमवर बसला की समोरच्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची. पण ते कुणी बोलून दाखवलं की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. त्याला ड्रमवाला म्हटलेलं खपत नसे. तो पियानो टीचर होता. तसं म्हणवून घेण्यासाठी त्याने काय काय केलं होतं ते त्यालाच ठाऊक.

हरेश्वर मूळचा वेसाव्याचा कोळी. पंधराव्या वर्षापासून बँजो पार्टीत. हळद असो, गणपती असो, नाहीतर नगरसेवकाची मिरवणूक असो, छोट्या टेम्पोच्या मागच्या भागात कीबोर्ड, मागे ड्रम, वर भोंगे, आणि पुढे-मागे नाचणारी चारशे माणसं. नाचणारी पोरं जवळ आली की पट्ट्यांवर हात मारायची. म्हणून पार्टीवाल्यांनी कीबोर्ड नायलॉनच्या दोरीने छातीच्या उंचीवर बांधला. तिथे वाजवायचं म्हणजे कोपर खाली, मनगट वर, आणि बोटं वरून पट्ट्यांवर सोडलेली. गाडी वेसाव्याच्या गल्लीतून खड्ड्यांत आदळत जायची, तेव्हा पडायचं नसेल तर डाव्या हाताने गाडीचा दांडा धरायचा. मध्येच दांडा सोडून डाव्या हाताने दोन सूर द्यायचे, पुन्हा दांडा. असं त्याने सोळा वर्षं वाजवलं, आणि ड्रमवाला नसेल तेव्हा ड्रमही त्यानेच वाजवले. कधी पडला नाही आणि कधी चुकलाही नाही.

मग बोरिवलीला एका हॉलवर लग्न होतं. वरात पोचवून पार्टी मागच्या दाराशी बसली होती. जेवण शेवटी मिळणार, तेही कागदी डिशमध्ये, गटाराच्या कडेला. आत हॉलमध्ये वांद्र्याहून आणलेला एक माणूस पियानो वाजवत होता. हरेश्वर दारातून बघत होता. तो माणूस, त्याच्या मते, बरा वाजवायचा, फार नाही. वाजवून झाल्यावर नवऱ्या मुलीच्या बापाने त्याला हाताला धरून टेबलावर नेलं आणि स्वतः त्याच्या ताटात वाढलं. हरेश्वरने आपली डिश तिथेच ठेवली आणि उपाशी घरी आला. नंतरच्या वर्षभरात त्याने पार्टी सोडली.

पुढे पाच वर्षं तो पुस्तकं घेऊन बसला. विलायती स्वरलिपी एकट्याने शिकला, अक्षर अक्षर लावत, आणि चांगली शिकला. परदेशी बोर्डाच्या परीक्षांची पुस्तकं त्याने पहिल्या इयत्तेपासून आठवीपर्यंत तोंडपाठ केली. त्या प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला सात-आठ पानं चित्रांची असायची. पियानोपुढे बसलेला मुलगा, त्याची पाठ, त्याची कोपरं, त्याची मनगटं. हरेश्वरने ती पानं कधी वाचली नाहीत. चित्रं लहान मुलांसाठी असतात, आणि तो तर सोळा वर्षं वाजवत आलेला माणूस. हात कसा धरायचा हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं काय?

तर बावीस वर्षं आणि दोनशेच्या वर पोरं. सगळी पोरं पट्ट्यांवर वरून बोटं सोडून वाजवायची. सगळ्यांची मनगटं वर. हरेश्वर शिकवताना मुद्दाम मनगटाखाली फूटपट्टी धरायचा, ते खाली आलं की पट्टी वर ठोकायचा आणि ओरडायचा, "मेलास काय? हात उचल!"

याला 'चारकोपी हात' हे नाव पाडलं अल्पेशने.

अल्पेश हा हरेश्वरचा सख्खा भाचा. बहिणीचा मुलगा. लहानपणी याच्याच मांडीवर बसून शिकलेला, आणि आता महावीर नगरच्या नव्या टॉवरमध्ये काचेच्या दाराची अकादमी काढून बसलेला. नवीन पोरगं आलं की अल्पेश म्हणे त्याला पियानोवर बसवतो, बोटं ठेवायला सांगतो, आणि पहिला सूर वाजायच्या आत पालकांना विचारतो, "चारकोपहून आलात ना?" पालक चाट पडतात. ही गोष्ट हरेश्वरच्या कानावर आली त्या दिवशी त्याने तीन पोरांना विनाकारण क्लासबाहेर काढलं.

बदला त्याने घेतला तो लग्नात. आपल्याकडे बोहल्यावर भाच्याच्या पाठीशी मामाने उभं राहायचं असतं. अल्पेशच्या लग्नात हरेश्वर गेला नाही. बायको मथुरा एकटी गेली, बहीण दारात उभी राहून वाट बघत राहिली, मुहूर्त टळायला आला तेव्हा कुणी तरी चुलत मामा पुढे ढकलला गेला. हरेश्वर त्या वेळी क्लासमध्ये एका आठ वर्षांच्या पोराला स्वरांची चढउतार घोटून घेत होता. बहिणीने तेव्हापासून तोंड पाहिलेलं नाही. "नको पाहू," हरेश्वर म्हणायचा, "माझं तोंड काही सुंदर नाही." पण नारळी पौर्णिमेला वेसाव्याला जायचं त्याने सोडलं, आणि का सोडलं हे विचारायची मथुरेचीही छाती नव्हती. मथुरा म्हणजे चारकोपच्या बाजारात मासळी विकणारी बाई, तिला कुणाची भीती नसते.

या सगळ्यात त्याच्यापाशी एक हुकमाचं पान होतं. रुचिरा.

पंधरा वर्षांची, हडकुळी, फारशी न बोलणारी. मूळ कणकवलीकडची माणसं. आजोबा काशीराम परळच्या गिरणीत होते, आता नातीला क्लासला आणायचं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचं हेच त्यांचं काम. सात वर्षं हरेश्वरने या पोरीला शिकवलं होतं. तिला त्याने एकदाही चांगलं म्हटलं नाही, आणि इतरांकडे तिच्याबद्दल चांगल्याशिवाय दुसरं काही बोलला नाही. पियानोची आठवीची परीक्षा तीन महिन्यांवर होती. त्याच्या क्लासमधून आठवीला बसणारी ती पहिलीच, आणि ती पास झाली की बाहेरच्या संगीत कॉलेजात जाणार हे ठरलेलं होतं. त्या कॉलेजला आठवी लागते. हरेश्वरला आठवी लागत होती अल्पेशच्या काचेच्या दारावर फेकून मारायला.

आणि नेमका तिचा हात दुखायला लागला.

सुरुवातीला काशीराम भीत भीत म्हणाले, "मास्तर, चेडवाचो हात दुखता हा. रात्रीचा ताट उचलूक जमणा नाय."

"दुखणारच. आठवी आहे, बालवाडी नाही. बाम लावा."

पंधरा दिवसांनी पुन्हा. हरेश्वर खेकसला, "आजोबा, गिरणीत तुमचा हात दुखायचा नाही काय? मग काय करायचात, घरी जाऊन बसायचात?"

 काशीरामांनी पोरीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी शिरा सुजल्यात म्हणून पट्टा बांधला, तीन आठवडे वाजवायचं नाही म्हणून सांगितलं आणि जाता जाता विचारलं, हिला असा हात धरायला कुणी शिकवलं? काशीरामांनी ते हरेश्वरला सांगितलं नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तीही सांगितली नाही.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी, रुचिरा क्लासला आली. हरेश्वर तिच्यावर आधीच भडकलेला होता. "सुट्टी संपली काय? बस."

ती बसली. तिने हात ठेवले. हरेश्वर पाठीमागून बघत होता, आणि पहिला सूर यायच्या आधीच त्याला सगळं कळलं. मनगटं खाली होती. पट्ट्यांच्या रेषेत, सरळ. अंगठा बोटांखालून सरकत होता. त्याने हे कधीही शिकवलेलं नव्हतं. आणि वाजवणं कसं? चाचरत, अडखळत, दुसरीतल्या पोरीसारखं. जो तुकडा ती महिन्यापूर्वी डोळे मिटून वाजवायची त्यात ती चार वेळा थांबली.

"कोणाकडे गेली होतीस?"

तिने तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

"मी विचारलं कोणाकडे गेली होतीस!"

"अल्पेश सरांकडे," ती पट्ट्यांकडे बघत म्हणाली. "सर, असं वाजवलं की दुखत नाही."

"दुखत नाही!" हरेश्वरचा आवाज वरच्या म्हाताऱ्यापर्यंत गेला असेल. "अगं, वाजतही नाही! सहा आठवडे राहिलेत. सात वर्षांचं तू तीन आठवड्यांत मातीत घातलंस. वर कर तो हात."

तिने केला नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच या पोरीने ऐकलं नव्हतं. हरेश्वरने पट्टी उचलली आणि तिच्या मनगटावर खालून मारली. जोरात नाही. पण दुखऱ्या जागी. ती किंचाळली तसे काशीराम बाकावरून आत आले.

"हात लावू नको चेडवाक," ते म्हणाले. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "आमच्या गिरणीत नवो माणूस इलो काय पयलो महिनो त्याका मशिनीक हात लावूक देयत नसत. उभ्यान कसा रवाचा, हात खंय ठेवचो, ता शिकवत. जॉबर, म्हणजे आमचो मुकादम, शिवी दी, पण ता शिकवी. तुमी आमच्या चेडवाक काय शिकवलात सात वर्सा?"

"शिकवलं नाही? मग घेऊन जा! त्या भाच्याकडे घाला तिला!"

"घालतलंच. पण तो फॉर्म तुमच्या नावान भरलेलो आसा."

तो फॉर्म म्हणजे सगळा गुंता. परीक्षेला मुलाचं नाव शिक्षकामार्फत जातं. हात सुजल्यामुळे रुचिराची परीक्षा सहा महिने पुढे ढकलता येत होती, पण ती आता अल्पेशकडे शिकणार, म्हणजे नव्या शिक्षकाच्या नावाने. आणि त्यासाठी जुन्या शिक्षकाने एका कागदावर सही करून तिला सोडायला हवं होतं. शनिवारपर्यंत. नाही तर ती गैरहजर म्हणून नापास, आणि पुढच्या वर्षी शाळेची दहावी असल्याने मग आठवी कधी होणार, कॉलेज कधी, कुणास ठाऊक. काशीरामांनी कागद पिशवीतून काढून पियानोवर ठेवला.

"सही नाही," हरेश्वर म्हणाला. "माझी पोरगी आहे ती. सात वर्षं मी घासलीय. त्याला आयती देऊ? चला, निघा."

ते निघाले. कागद तिथेच राहिला. हरेश्वरने तो उचलून पुस्तकांखाली दडपला, पुढच्या ड्रमच्या बॅचला सुट्टी दिली आणि तडक महावीर नगरला गेला.

काचेच्या दारात चप्पल काढायला सांगणारी मुलगी होती. तिला बाजूला सारून तो आत शिरला. अल्पेश कुठल्याशा मुलाला शिकवत होता. मामाला बघून त्याने मुलाला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावलं.

"लग्नाला नाही आलास, आता आलास," तो म्हणाला.

"पोरी पळवतोस? तुना लाज हाय?" चिडला की हरेश्वर वेसाव्याचं बोलायचा.

"ती स्वतः आली. पट्टा बांधून. मामा, बस."

"बसायला नाही आलो."

"मग उभ्याने बघ." अल्पेशने मोबाइल पुढे धरला. एकापाठोपाठ एक पोरं. कुणी सातचं, कुणी सोळाचं. सगळी पियानोवर बसलेली, पाठमोरी. "ही सगळी तुझ्याकडून आलेली. पंधरा आहेत. सूर नको ऐकू. नुसतं अंग बघ."

हरेश्वरने बघितलं. मनगटं तर वर होतीच. पण पंधराच्या पंधरा पोरं जराशी उजवीकडे कललेली होती. डावं कोपर अंगाला चिकटलेलं. आणि प्रत्येकाचा डावा हात सूर देऊन झाला की पट्ट्यांवरून उठायचा आणि हवेत, खांद्याच्या उंचीला, काहीतरी धरल्यासारखा थांबायचा.

"चारकोपमध्ये जन्मलेली पोरं ही," अल्पेश म्हणाला. "यांनी कधी हळदीची गाडी बघितली नाही. आणि सगळी दांडा धरून उभी आहेत."

हरेश्वर ओरडला, "तूपण माझ्याच हातचा आहेस!"

"म्हणून तर!" आता अल्पेशही ओरडला. "बावीस वर्षांचा होतो मी, वांद्र्याला एका पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. दोन वर्षं त्यांनी मला एक गाणं वाजवू दिलं नाही. नुसता हात खाली आण, हात खाली आण. दोन वर्षांनी म्हणाल्या, तुला कान आहे, पण उशीर झालाय, तू आता शिकव. मामा, मला शिकवायचं नव्हतं रे. मला वाजवायचं होतं. तू ते खाल्लंस. आणि तुला कधी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? पट्टी मारली असतीस."

खरंच मारली असती, हे हरेश्वरला माहीत होतं. त्यामुळे त्याला जास्तच राग आला.

"तुझ्या ड्रमला तोड नाही," अल्पेश खाली बघत म्हणाला. "कांदिवली ते बोरिवली, कुणी नाही. नुसता ड्रम शिकव ना. पियानो सोड. पोरांना सोड."

त्याने हे मनापासून म्हटलं असेल, पण हरेश्वरला ते गटाराच्या कडेला नेऊन बसवल्यासारखं लागलं. तो थुंकायला वाकला, काचेचं दार बघून थांबला, आणि भाच्याला आईवरून एक शिवी दिली. ती आई आपलीच बहीण हे त्याच्या रस्त्यात आल्यावर लक्षात आलं.

घरी आला तेव्हा दुपार होती. खोलीत कोणी नव्हतं. त्याने दार आतून लावलं, पियानोवर बसला आणि पहिल्या इयत्तेचं पुस्तक काढलं. सुरुवातीची पानं उघडली. चित्रातला मुलगा पाठ ताठ ठेवून हसत होता. हरेश्वरला तो बावळट वाटला. तरी त्याने मनगटं तशी ठेवली, खाली, रेषेत, आणि आठवीचा तुकडा सुरू केला.

वाजेना. बोटं जणू दुसऱ्या कुणाची होती. अंगठा खालून सरकवायला गेला तर तो अडकला. त्याने तुकडा सोडला आणि सोपी चढउतार घेतली, ती रोज तो पोरांकडून घोटून घ्यायचा. तीही पाचव्या सुरावर अडकली. पुन्हा घेतली, पुन्हा अडकली. आणि मग त्याने स्वतःचा डावा हात पाहिला. तो पट्ट्यांवर नव्हता. खांद्यापाशी हवेत होता, मूठ अर्धी मिटलेली. त्याने तो खाली आणला. दोन ओळींनी पुन्हा वर. तिसऱ्यांदा त्याने उजव्या हाताने डाव्याला पकडून पट्ट्यांवर आपटलं.

दार वाजलं. मथुरा बाजारातून आली होती, रिकामी पाटी काखेत. तिने त्याचं तोंड बघितलं, उघडं पुस्तक बघितलं.

"काशीराम बाजारान भेटला," ती म्हणाली. "पोरीला पट्टीनं मारलास?"

"जोरात नाही."

"जोरात नाय!" तिने पाटी आपटली. "पापलेट कापायला सुरी कशी धरायची ता माज्या आयशीनं मना शिकवलं, तवा मी पाच वर्साची. बोटं तुटली नाय माजी अजून. तू इतक्या पोरांची मनगटां खाल्लीस आनि मिरवतस पियानो टीचर म्हनून. सही दे."

"देणार नाही. ती गेली तर माझ्याकडे काय राहिलं?"

"नको राहू दे काय," मथुरा म्हणाली आणि मोरीत हात धुवायला गेली. तिला त्याची कीव आली नाही, आणि यायचं कारणही नव्हतं.

शुक्रवारी त्याने पियानोची एकही बॅच घेतली नाही. आयांना सांगितलं पियानो बिघडलाय. एकीने म्हटलं, "सर, कालच तर आवाज येत होता." तिला त्याने असं काही झापलं की ती परत येणार नव्हती. आयुष्यात आयांशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

शनिवारी सकाळी ड्रमची बॅच चालू होती. दोन पोरं आत, त्यांच्या आया बाहेरच्या बाकावर. काशीराम आले. रुचिरा त्यांच्यामागे होती, मनगटाला पट्टा, ती उंबऱ्याबाहेरच थांबली. काशीरामांनी नमस्कार केला नाही.

"आज शेवटचो दिवस," ते म्हणाले. "ऑफिस एकाक बंद जाता. अंधेरीक जावचा आसा."

हरेश्वरने स्टिक खाली ठेवल्या, पोरांना गप्प केलं आणि पुस्तकांच्या ढिगाखालून तो कागद काढला. चुरगळला होता. त्याने तो पियानोच्या झाकणावर हाताने सपाट केला. इंग्रजीत छापलेला. नाव, इयत्ता, जुना शिक्षक, नवा शिक्षक. खाली एक रकाना: शिक्षक बदलण्याचं कारण.

काशीराम तो रकाना बघून म्हणाले, "थंय घर बदलला म्हणान लिवा. अल्पेशान सांगितलेला. म्हणजे तुमका काय होवचा नाय."

भाच्याने सांगितलेलं. मामाला झाकायला. हरेश्वरच्या अंगाचा भडका उडाला. आता त्या पोराने त्याच्यावर दया करायची? आणि हा म्हातारा, ज्याची नात त्याने मोडली, तो त्याला वाचवायला आलाय? त्याने पेन उचललं.  रकान्यात त्याने एक ओळ लिहिली, तीन वेळा थांबून, कारण इंग्रजीत सरळ लिहायचं होतं आणि त्याला सरळच लिहायचं होतं. खाली सही केली.

काशीरामांनी कागद डोळ्यांजवळ धरला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. "घर बदललाच लिवलात ना?"

"नाही."

"मग काय लिवलात?"

आतली दोन पोरं बघत होती. बाकावरच्या दोन्ही आयांनी माना वळवल्या होत्या. त्यातल्या एकीच्या मुलाला त्याने गेल्या वर्षी बाकीच्यांसमोर गाढव म्हटलं होतं. दारात रुचिरा होती.

"शिक्षकाला पियानो शिकवता येत नाही, असं लिहिलंय," हरेश्वर म्हणाला.

 काशीरामांनी ते ऐकलं आणि कागदाची घडी घातली.

"बरां," ते म्हणाले. "ह्या खरा."

आणि ते वळले. हरेश्वर त्यांच्या पाठीवर ओरडला, "रिक्षाने जा, चालत बसू नका! एकला बंद होतं!" रुचिराने आजोबांच्या हातातून पिशवी घेतली, डाव्या, बऱ्या हाताने. तिने आत बघितलं नाही, आणि हरेश्वरनेही तिला हाक मारली नाही.